सरकारच्या आधी आपणच

पुस्तकावर किंवा नाटकावर बंदी आली की आपल्याकडे चार दिवसांत निषेधसभा भरते. सभागृह स्वस्तात मिळतं, वक्ते ठरलेले असतात. एक जण व्हॉल्तेअरचं नाव घेतो, दुसरा हिटलरच्या राजवटीत जाळलेल्या पुस्तकांचं, तिसरा सरकारला गंभीर इशारा देतो. ठराव होतो, चहा होतो, उद्याच्या अंकात फोटो यावा म्हणून दोघंतिघं पुढे सरकतात. मी या सभांना जाणं सोडलं आहे. पहिल्या दोन रांगांत बसलेल्या मान्यवरांपैकी निम्म्यांनी आपल्या संस्थेत, मासिकात किंवा प्रकाशनात कधी ना कधी गुपचूप बंदी घातलेली असते. फक्त तिला बंदी म्हणायचं नसतं. 'सध्या वातावरण बरं नाही', 'पुढच्या अंकात बघू', 'तेवढा एक परिच्छेद काढलात तर बरं' असं म्हणायचं असतं.

सरकारचं वकीलपत्र मला घ्यायचं नाही. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, ते घाबरट असतं आणि मतं मोजतं, हे सांगायला लेख कशाला हवा? पण आपल्या मुलखातली प्रकरणं एकेक करून काढलीत तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. सरकार बहुतेक वेळा शेवटी येतं. आधी येतो तो दुखावलेला, त्याच्या पाठोपाठ येतो घाबरलेला. सरकार येतं ते शिक्का मारायला.

इंग्रजांची तऱ्हा निराळी होती. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा त्यांनी केला आणि त्याच्या जोरावर १९१० मध्ये खाडिलकरांचं 'कीचकवध' बंद पाडलं. कीचक म्हणजे कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकाला कळत होतं तसंच साहेबालाही कळलं होतं. नाटक समजून घेऊन त्यावर बंदी घालायची, एवढी किमान मेहनत त्याने घेतली. आजच्या दुखावलेल्यांना तेवढंही श्रेय देता येत नाही. त्यांच्याकडे असतो तो एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही तिरका.

जेम्स लेनचं प्रकरण घ्या. ५ जानेवारी २००४ ला संभाजी ब्रिगेडचे कार्यकर्ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसले, कपाटं पाडली, पोथ्या-पुस्तकं भिरकावली, ७२ जणांना अटक झाली. एवढं सगळ्यांना आठवतं. पण तारखा जरा ओळीने लावून बघा. लेनचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये आलं. काही इतिहास अभ्यासकांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने नोव्हेंबरातच पुस्तक भारतातल्या बाजारातून काढून घेतलं. माघार घेतली की भांडण मिटतं म्हणणाऱ्यांच्या हिशेबाने विषय तिथेच मिटायला हवा होता. पुस्तक नाही, म्हणजे भांडण नाही. प्रत्यक्षात काय झालं? डिसेंबरात शिवसैनिकांनी संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळं फासलं. त्यांचा गुन्हा एवढाच, की लेनने ऋणनिर्देशात त्यांचं नाव लिहिलं होतं. जानेवारीत संस्था फोडली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारी संस्था, तिच्याकडे लेनने चार पुस्तकं मागितली आणि तिने ती दिली, हे तिचं पाप. शिवचरित्रात हयात घालवलेल्या गजानन मेहेंदळे यांनी त्या उद्वेगात आपल्याच हस्तलिखिताची शेकडो पानं नष्ट केल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आणि हे सगळं झाल्यावर, म्हणजे पुस्तक कुठल्याही दुकानात मिळतच नव्हतं तेव्हा, राज्य सरकारने त्यावर बंदी घातली!

माघार घेतल्याने कोणाची तोडफोड वाचली? दाखवा. काळं फासायला, कपाटं पाडायला हिंमत आली ती 'पत्र लिहिलं की पुस्तक उठतं' हे एकदा सिद्ध झाल्यावर.

या प्रकरणाचा पुढचा भाग निषेधसभेत कोणी सांगत नाही. बंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात कोण गेलं? प्रकाशक? छे. ॲडव्होकेट संघराज रुपवते, चित्रपटकार आनंद पटवर्धन आणि सामाजिक कार्यकर्त्या कुंदा प्रमिलानी. म्हणजे वाचक गेले. त्यांनी ते पुस्तक लिहिलं नव्हतं, छापलं नव्हतं, त्यातून त्यांना छदाम मिळणार नव्हता. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. कुठल्या दोन समाजांत या पुस्तकामुळे वैर वाढणार, हे सरकारला अधिसूचनेत धड लिहिताही आलं नव्हतं. खटला जिंकला, आणि तरी तुम्ही पुण्यातल्या दुकानात जाऊन ते पुस्तक मागून बघा. न्यायालय बंदी उठवू शकतं. प्रकाशकाला उभं करू शकत नाही.

आता आनंद यादव. 'झोंबी'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला, ग्रामीण साहित्याची चळवळ अंगावर घेतलेला लेखक. २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे ते निवडून आलेले अध्यक्ष. त्यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीत तुकोबांचं तरुणपण रंगवलेलं वारकऱ्यांना खटकलं. खटकू शकतं. मलाही ती कादंबरी फारशी भावली नाही, पण तो मुद्दा नव्हे. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं. पुरलं? नाही. अध्यक्षपदही सोडावं लागलं. आणि साहित्य महामंडळाने काय केलं? संमेलन केलं! अध्यक्षाविना केलं. मांडव होता, भोजन होतं, परिसंवाद होते, फक्त ज्याला मराठी साहित्यिकांनी मतं देऊन निवडलं होतं तो माणूस नव्हता. त्या मांडवात त्या तीन दिवसांत जे जे व्यासपीठावर चढले त्यांना विचारावंसं वाटतं, काय हो, पाय जड झाले नाहीत? पुढे २०१४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने लेखक-प्रकाशकांना दंड करून प्रती नष्ट करायला सांगितल्या. मागे घेतलेल्या पुस्तकाच्या प्रती. म्हणजे माफीने खटलासुद्धा टळला नाही.

आणि हे कोणाच्या नावाने? ज्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, त्याच्या नावाने. त्या बुडवायला लावणाऱ्या रामेश्वर भटाच्या मनाला तुकोबांच्या अभंगांनी किती वेदना झाल्या असतील, याचा विचार आपण कधी केलाच नाही. आजच्या न्यायाने देहूच्या शूद्र कुणब्याने त्याची लेखी माफी मागायला हवी होती.

हे आजचंच आहे असंही समजू नका. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात झाला. आज आपण ते नाटक मराठी रंगभूमीचा मानबिंदू म्हणून मिरवतो, परदेशी पाहुण्याला त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकवतो. ते एकोणीस प्रयोगांनंतर कोणी थांबवलं? पोलिसांनी नव्हे, सरकारने नव्हे. ज्या संस्थेने ते उभं केलं, त्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनच्याच धुरिणांनी. नाना फडणविसांची बदनामी होते, ब्राह्मणांना झोंबतं, अशी ओरड बाहेर होती आणि दार आतून लावलं गेलं. जब्बार पटेल, मोहन आगाशे आणि बाकीची पोरं बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी काढली, म्हणून नाटक जगलं. संस्थेची अब्रू राखणाऱ्यांवर ते सोपवलं असतं तर आज 'घाशीराम' हा नाट्यशास्त्राच्या प्रबंधातला एक उल्लेख असता.

उलट ज्यांनी वाकायचं नाही असं ठरवलं, त्यांचं काय झालं तेही बघू. ते नेहमी जिंकले असं म्हणत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हरले. 'समाजस्वास्थ्य'वर १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली होती, हा आरोप. बाजू मांडायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. एवढा वकील असूनही निकाल विरुद्ध गेला, दोनशे रुपये दंड. संततिनियमनाचा प्रचार करतो म्हणून या माणसाची विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी आधीच गेली होती. त्याच्यामागे ना संस्था होती ना महामंडळ. दंड भरला आणि पुढचा अंक काढला. जुलै १९२७ ते १९५३, मरेपर्यंत काढला. आज त्यांच्यावर नाटकं होतात आणि आपण ती डोळे पुसत बघतो. त्यांचा अंक तेव्हा घरात आणायची आपल्या आजोबांची छाती नव्हती, आणलाच तर गादीखाली जायचा.

चंद्रकांत काकोडकर हे नाव घेतलं की अजूनही समीक्षक नाक मुरडतात. रेल्वे स्टेशनवरच्या कादंबऱ्यांचा लेखक! त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. पुण्याच्या एका सद्गृहस्थाच्या सोवळ्याला धक्का बसला, त्यांनी खटला भरला. खालच्या कोर्टात काकोडकर सुटले, उच्च न्यायालयात दोषी ठरले. शिक्षा किती? पंचवीस रुपये दंड. पंचवीस रुपये! भरले असते आणि घरी गेले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये निर्दोष ठरले. नुसता कामसंबंधांचा उल्लेख आला म्हणून पुस्तक पोरांच्या हाती द्यायचं नाही म्हटलं तर पोरांना धार्मिक पोथ्यांखेरीज काही वाचायलाच मिळणार नाही, अशा अर्थाचं न्यायाधीशांनी लिहून ठेवलं आहे. अश्लीलतेच्या खटल्यांत 'श्यामा'च्या निकालाचा आधार पुढे पुन्हा पुन्हा घेतला गेला. मराठी साहित्याच्या इतिहासात मात्र त्या माणसाला धड एक परिच्छेद मिळत नाही. पंचवीस रुपयांसाठी दिल्लीपर्यंत लढला तो स्टेशनवरचा लेखक. आपले ज्ञानवृद्ध काय करतात, ते वर सांगितलंच.

श्रीराम लागूंची युक्ती तर शाळेत शिकवावी अशी आहे. तेंडुलकरांचं 'गिधाडे' १९७० मध्ये त्यांनी बसवलं. नाटकात एका बाईचा गर्भ मारहाणीत पाडला जातो आणि तिच्या लुगड्यावर लाल डाग दिसतो. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाला डाग खपेना. मारहाण खपली, शिव्यांवर घासाघीस झाली, पण डाग लाल नको. लागूंनी डागाचा रंग बदलला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना रीतसर कळवलं, की मंडळाच्या आज्ञेवरून रंग बदलला आहे, तरी आपण तो डाग लालच समजावा. प्रेक्षक हसले असतील आणि मग त्यांना तो डाग दुप्पट लाल दिसला असेल. आज्ञा पाळली, लाज मात्र देणाऱ्याच्या पदरात टाकली. दोन वर्षांनी 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली तेव्हा कमलाकर सारंग तसेच भिडले, उच्च न्यायालयात गेले आणि निळू फुल्यांचा सखाराम पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. घर गहाण पडेल, कर्ज होईल, याची चिंता त्यांना नव्हती असं थोडंच आहे? नाटकवाल्याच्या खिशात कधी काय असतं!

जाता जाता त्या मंडळाविषयी. इंग्रजांचा १८७६ चा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, त्याच्या बातम्या आपण 'गुलामगिरीची खूण पुसली' म्हणून वाचल्या. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ मात्र उभंच आहे, कारण त्याचा आधार १९५१ च्या मुंबई पोलिस कायद्यात आहे, म्हणजे आपण स्वतः केलेल्या कायद्यात. संहिता आधी दाखवा, मग प्रयोग करा. अमोल पालेकर २०१६ मध्ये याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. तेव्हा पाठिंब्याचं पत्रक काढायला किती नाट्यसंस्था धावल्या, हे ज्याने त्याने आठवून बघावं. आम्हाला त्या मंडळाची सवय झाली आहे. किंबहुना सोय झाली आहे. प्रमाणपत्र मिळालं की जबाबदारी मंडळाची.

आता माझ्याच बाजूच्या मंडळींना एक चिमटा काढतो. गोपाळ गोडसे यांचं 'गांधीहत्या आणि मी' हे पुस्तक सरकारने जप्त केलं होतं, मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती जप्ती रद्द केली. 'मी नथुराम गोडसे बोलतोय' १९९८ मध्ये बंद पाडलं, तेही राज्यात युतीचं आणि दिल्लीत वाजपेयींचं सरकार असताना. तीही बंदी पुढे न्यायालयात उठली. मला ते पुस्तकही अप्रामाणिक वाटतं आणि ते नाटकही. खुन्याला टाळ्यांची वाक्यं देऊन उभं करण्यात कसलं आलंय शौर्य? पण लेनसाठी सही करणारे माझे मित्र 'नथुराम'च्या वेळी गावाला गेले होते, आणि 'नथुराम'साठी घसा फोडणारे लेनच्या वेळी काळं फासणाऱ्यांना पेढे देत होते. दोघांनाही अभिव्यक्तीचं प्रेम नाही. आपल्या माणसाचं प्रेम आहे. नावडत्या पुस्तकासाठी जो कधीच उभा राहिला नाही, त्याच्या तोंडी आवडत्या पुस्तकाचं स्वातंत्र्य ऐकवत नाही.

न्यायालयांना देव करायचंही कारण नाही. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही १९८४ ची कविता. ती १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या एका पत्रिकेत पुन्हा छापली गेली आणि पतितपावन संघटनेने तक्रार केली. गांधींचा अपमान झाला म्हणून तक्रार करणारे कोण, हे बघून गांधीजीही हसले असते. एकवीस वर्षांनी, मे २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की थोर ऐतिहासिक व्यक्ती लेखनात आणली तर अश्लीलतेची कसोटी जास्त कडक लागेल. कवितेत एक माणूस हरेक वेशात, हरेक वस्तीत गांधी बघत जातो. ती गांधीवर नाही, आपल्यावर आहे. पण निकालातला माझ्या कामाचा भाग वेगळाच आहे. पत्रिकेचा प्रकाशक-मुद्रक आरोपातून मोकळा झाला, कारण त्याने लगेच बिनशर्त माफी छापली होती. कवीने मात्र खटल्याला सामोरं जायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. छापणारा 'चुकलो' म्हणून सुटतो आणि लिहिणारा उरतो. याहून स्पष्ट धडा प्रकाशन व्यवसायाला कोणी दिला असता?

आणि धडा सगळे शिकले. २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना रीतसर बोलावलं. त्या इंग्रजी लेखिका, म्हणून स्थानिक मनसेवाल्यांनी आरडाओरडा केला. ज्या बाईचे वडील रणजित सीताराम पंडित मूळचे कोकणातले, 'राजतरंगिणी'चे भाषांतरकार, स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगून लगेच वारलेले, ती आपल्याला परकी! आयोजकांनी ताबडतोब निमंत्रण मागे घेतलं. भाषण आधीच लिहून झालं होतं, ते गावभर वाचलं गेलं. कऱ्हाडच्या संमेलनात १९७५ मध्ये आणीबाणीच्या ऐन भरात, यशवंतराव चव्हाण समोर बसलेले असताना दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. त्याच संमेलनाचे वारसदार चार पोरांच्या फोनने गारठले.

खालच्या पातळीवर हे कसं चालतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या समितीवर मी काही काळ होतो. एक निवृत्त गृहस्थ एका आत्मचरित्राच्या एकाच पानाची झेरॉक्स घेऊन आले, त्यावर पिवळ्या पेनाने रेघा मारलेल्या. पुस्तक वाचलंत का विचारलं तर म्हणाले, 'असलं मी वाचत नाही.' समितीने दहा मिनिटांत निर्णय घेतला. पुस्तक काढून टाकायचं नाही, कारण अनुदानाच्या तपासणीत दाखल रजिस्टरशी मेळ बसायला हवा. ते कार्यालयातल्या कपाटात ठेवायचं आणि कोणी मागितलं तर 'बाइंडिंगला गेलंय' म्हणायचं. मी विरोध नोंदवायला लावला. नोंदवला. पुस्तक माझ्या मुदतीत बाइंडिंगहून परत आलं नाही. बंदीचा ना हुकूम होता ना तारीख, त्यामुळे उठवण्यासारखंही काही नव्हतं. अशा बंदीविरुद्ध कुठल्या न्यायालयात जाणार?

'तुम्हाला बोलायला काय जातं, दगड आमच्या काचेवर पडतो', असं प्रकाशक म्हणतात. खरं आहे. दगडच नव्हे, ४ जून २००८ ला ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात 'आम्ही पाचपुते'च्या प्रयोगावेळी बाँब फुटला, सात जण जखमी झाले. 'शिवाजी कोण होता?' लिहिणारे गोविंद पानसरे २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या लागून गेले. भीती खोटी नाही, आणि घाबरलेल्या माणसाला मी हसणार नाही. पण मग घाबरलो म्हणा ना! 'अमुक संघटनेने धमकी दिली, पोलिसांनी संरक्षण नाकारलं, म्हणून पुस्तक काढून घेतोय', असं निवेदन काढा. ते तुम्ही काढत नाही. तुम्ही लिहिता, 'वाचकांच्या भावनांचा आदर करून'. कोणते वाचक? ज्याने पुस्तक विकत घेतलं त्याने तक्रार केलीच नव्हती. धमकी देणाऱ्याला वाचक म्हणायचं आणि आपल्या भीतीला आदर म्हणायचं, ही लबाडी आहे, आणि ती दगडापेक्षा जास्त नुकसान करते. कारण दगड मारणाऱ्याला ती सभ्य बनवते.

डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य सरकारने ६ तारखेला पुरस्कार जाहीर केला आणि १२ तारखेला रद्द केला, निवड समितीच बरखास्त केली. कारण दिलं 'प्रशासकीय'. या वेळी मात्र काही जण हलले. प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेरंब कुलकर्णी, विनोद शिरसाठ यांनी सरकारी मंडळांचे राजीनामे दिले. शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी त्याच वर्षीचे आपले पुरस्कार नाकारले. रोख रक्कम असलेला पुरस्कार नाकारणं मराठी लेखकाला किती जड जातं, हे मराठी लेखकालाच विचारा. आणि गंमत अशी, की आठवड्यापूर्वी ज्या पुस्तकाचं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं, त्याला मागणी वाढली.

याच्या पस्तीस वर्षं आधीचं एक उदाहरण तर मला सगळ्यांत मोठं वाटतं. आंबेडकरांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'चा खंड १९८७ मध्ये राज्य सरकारनेच छापला. राम-कृष्णांवरच्या भागावरून गदारोळ झाला तेव्हा सरकार तो भाग गाळायला निघालं. १९८८ च्या फेब्रुवारीत दलित समाजाचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. त्यातल्या किती जणांना इंग्रजी वाचता येत होतं? तरी एका इंग्रजी पुस्तकातलं एक प्रकरण जसंच्या तसं राहावं म्हणून माणसं उन्हात चालली. प्रकरण राहिलं. या मतांशी शासन सहमत नाही, एवढी तळटीप घालून सरकारने आपली समजूत काढून घेतली. पुस्तक काढून टाका म्हणणारे मोर्चे आपण शेकडो पाहिले. पुस्तक ठेवा म्हणणारा एवढा मोठा मोर्चा महाराष्ट्राने एकदाच पाहिला, आणि साहित्य संमेलनाला जाणारा वर्ग त्यात नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी एखादं पुस्तक 'भावनांचा आदर करून' मागे घेतल्याची बातमी वाचलीत, तर मला निषेधाचं पत्रक पाठवू नका. मी सही करणार नाही. प्रकाशकाला फोन करा, दोन प्रती मागवा, पैसे आगाऊ भरा. नाही म्हणाला तर कारण लेखी मागा. वाचनालयात जा, वर्गणीची पावती दाखवा आणि पुस्तक बाइंडिंगला गेलंय म्हणाले तर कोणत्या बाइंडरकडे गेलंय आणि परत कधी येणार, तेही लेखी मागा.